धाकटीचं अंगण

पालमच्या स्टँडवर बसची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकड्यावर दोघीजणी बोलत होत्या.

“छबूबाई, दोन खराटे घेतले?”

“एक मला, एक सासूला. तिचा पार झिजला.”

“ह्या वयात तुमचं अंगन झाडत्यात?”

“माझं कुठलं! धाकट्या जावंचं. मंदा ऊस तोडायला गेलीय, घराला कुलूप. तरी म्हातारी रोज जाती. औंदा थंडी लय पडली, लिंबाचा सगळा पाला मंदाच्या दारात. काल पोरांच्या शेकोटीची राख उचलली अन् शेणानं सारवलंबी.”

“मंदा पाडव्याला यायलीय ना, म्हनून.”

“येऊ दे की. पन माझ्या अंगनाकडं कुनी बघायचंच न्हाई का?”

“तुमचं तुमी झाडताच की.”

“पंधरा वर्सं झाडायले. ‘बरं झाडलंस’ म्हनली न्हाई कदी म्हातारी.”

“आवं, मंदानं सगळी थंडी उसाच्या फडात, कोपीच्या खोपटात काढली. हाल हायेत तिचे.”

“हायेत की. मी कुठं न्हाई म्हनले? मालकाला सांगनार हाय, पुढच्या साली आपनबी ऊस तोडायला जाऊ.”

“घरचं रान सोडून? कशापायी?”

“माझ्या माघारी माझं अंगन कोन झाडतंय, ते बघायचंय मला.”