परण्याच्या गाडीचा गिअर

...नाही, मला एक सांगा, घर्षण या विषयात ज्यानं डॉक्टरेट केली, त्याच्याच गाडीचा क्लच घसरावा, याला काय म्हणायचं? आणि घसरावा कुठं, तर बारामतीत, भर चौकात, चढ नाही, खड्डा नाही... आवाज विमानाचा, वेग म्हशीचा, मागं उसाच्या ट्रॉलीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि मी आत विचार करतोय, क्लचवर पाय तर नाही ना राहिला माझा? खाली वाकून बघितलं. पाय जागेवर होता. तरी म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.

तुम्हाला सांगतो, गाडी वडिलांच्या वेळची. गोल दिव्यांची, गिअरची दांडी स्टिअरिंगला, आताच्या पोरांना ती वायपरची वाटते. नातवाचं, दिग्विजयचं, लग्न ठरलं आणि त्यानं हट्ट धरला, की परण्याला, म्हणजे लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला, जाईन तर याच गाडीतून, आणि चालवायची आजोबांनीच. झालं! त्याचा बाप, म्हणजे आमचा रणजित, लोणी देवकरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे, यंत्रांकडे संशयानं बघायचाच पगार घेतो, घरी आला की त्याच नजरेनं माझ्याकडे बघतो. सगळ्या भावकीदेखत म्हणाला, "तात्या, परण्याला गाडी अडकली तर त्याच दिवशी भंगारात. आन् तुमचं ड्रायव्हिंगबी बंद. चावी माझ्याकडं."

म्हणजे बघा, गाडी माझी, पाय माझे, परीक्षा माझी आणि परीक्षक पोटचा पोरगा.

गेलो सिकंदरकडे. बारामतीत गॅरेज आहे त्याचं. सिकंदरला रोग ओळखायला गाडी लागत नाही, मालक बघितला तरी पुरतो. मी लक्षणं सांगायला लागलो... की बाबा, हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला, तर इंजिन बंद पडायला पाहिजे, ते पडत नाही, म्हणजे प्लेट घसरते, आणि पहिला टाकताना करकरतो, म्हणजे क्लच पुरता सुटतही नाही, थोडक्यात धड धरतही नाही आणि धड सोडतही नाही...

"मंजी आमच्या मेव्हण्यावानीच झालं की," सिकंदर म्हणाला, आणि गाडीखाली गेला.

प्लेट बदलली, पेडल नीट बसवलं, क्लच झाला झकास. पण दांडी जड! पहिल्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे विहिरीवरची मोटर उचलल्यासारखं. सिकंदर म्हणाला, दांडीचे सांधे सुकलेत, घरी जाऊन बॉनेट उघडा आणि सांध्यांवर गिअर ऑइल सोडा, जाड बघून. एवढं सोपं होतं हो. एवढं सोपं काम आम्ही कसं केलं, ते ऐका.

परण्याच्या दिवशी सकाळी घरी, शेळगावात, मी धाकट्या भावाला, आप्पासाहेबाला, गिअर ऑइल मागितलं. त्याचं गुऱ्हाळ आहे. ट्रॅक्टर पण आहे. आता आमच्याकडची पद्धत अशी, की ट्रॅक्टरच्या ऑइलचा कॅन रिकामा झाला की घासूनपुसून ठेवायचा आणि त्यात काकवी भरून पाहुण्यांना द्यायची. रंग तोच, धार तीच. आप्पानं कॅन आणला, मी ओतायला लागलो, आणि वास आला तो गोड. खमंग! म्हटलं, "आप्पा, हे गोड येतंय रे वासाला."

"नवी ऑइलं तसलीच येत्यात, तात्या."

एका बोटानं चाखलं असतं तर उलगडा झाला असता, पण डॉक्टरेट झालेल्या माणसानं चारचौघांत गिअर ऑइल चाखायचं? सांध्यावर मुंगळे चढायला लागले तेव्हाही मी बघत होतो. तरी म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. आणि दांडी तर लोण्यासारखी फिरायला लागली ना! मग मी कशाला बोलतोय?

पण धास्ती जाईना. ऐन वेळी सुरूच झाली नाही तर? म्हणून बराच वेळ इंजिन नुसतंच चालू ठेवलं, चांगलं तापू दिलं. मग रिव्हर्स टाकून गाडी गोठ्यातून मागं काढली, आणि हँडब्रेकवर भरवसा नाही म्हणून रिव्हर्समध्येच ठेवून बंद केली. बायकांनी बॉनेटला हार बांधले, तोवर इंजिन पार गार पडलं. बेंजो वाजायला लागला. दिग्विजय मुंडावळ्या सांभाळत मागच्या सीटवर बसला. मी क्लच दाबला, गाडी सुरू केली, दांडी ओढली... आणि दांडी हलेना. दोन्ही हातांनी ओढली. हलेना!

आप्पासाहेबानं हार बाजूला करून बॉनेट उघडलं, सांध्यावरून नखानं एक खपली काढली आणि तोंडात टाकली. गुऱ्हाळवाला माणूस! घोळवून घोळवून चाखली.

"गूळ झालाय," म्हणाला. "पाक जरा कडक उतारलाय."

रणजितनं खिडकीतून तळहात पुढं केला. चावीसाठी. मी चावीवर हात ठेवलाय, आणि मागून दिग्विजय म्हणतो, "आजोबा, मागं तर जातीय न्हवं? मग मागं घ्या की. मारुती काय समोरून येणाऱ्यांनाच पावतो व्हय?"

आणि निघालो, महाराज! पुढं बेंजो, त्यामागं गाडीची डिकी, मग नवरदेव, मग मान उलटी वळवलेला मी, आणि सगळ्यात शेवटी हार घातलेलं बॉनेट भावकीच्या तोंडाकडं तोंड करून! करवल्यांना वाटतंय गाडी अंगावर येतेय, आणि गाडी चाललीय लांब. त्यात नवरदेवाचा फेटा एवढा, की मागच्या काचेतून मला काही दिसेना. "दिग्या, मान खाली!" जरा पुढं गेलं की पुन्हा, "खाली, अजून खाली!" पोरगा देवळापर्यंत वाकून आला. बाया म्हणतात, काय संस्कार हायेत बाई, आत्तापासनंच नमस्कार घालीत चाललाय. अर्ध्या क्लचवर सगळी वाट काढली मी, पण गाडी अडकली नाही. एकदाही नाही! रणजितचा तळहात तसाच राहिला.

म्हटलं, सुटलो. कसला सुटतोय? कुणीतरी मोबाईलवर काढलं, गावोगाव फिरलं. सांगवीची मंडळी आली, म्हणाली, आमच्या परण्यालाबी तुमचीच गाडी, पण उलटीच पायजे हां, सुलटी तर समद्यांकडंच हाय. मी सिकंदरला बोलावलं, गरम पाण्यानं गूळ धुवायला. तर रणजितनं, ज्याला गाडी भंगारात घालायची होती त्या रणजितनं, त्याला फाटकातूनच परत पाठवला आणि मला म्हणतो, "तात्या, गिअरला हात लावायचा न्हाय. चावी ठेवा तुमच्याकडंच."

म्हणजे गाडी वाचली. ड्रायव्हिंगही वाचलं. पुढं जायचं तेवढं राहिलं.