धक्क्याच्या टोकाशी हलवायचा हात

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाला जाणाऱ्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्या हिल्डाबाईंच्या पुढच्याच बाकावर कॉलेजच्या दोन पोरी येऊन बसल्या.

"एडी, वर्गासाठीच्या आपल्या व्हिडिओत मी बंदराच्या धक्क्यावरून गात गात पळायचं?"

"पळायचं नाही गं मार्नी, चालायचं. पण भरभर. गाणं दुप्पट वेगानं लावायचं, तूही तसंच गायचंस. नंतर मी चित्र निम्म्या वेगावर आणणार. ओठ गाण्याशी बरोबर जुळतात, आणि लाटा, सीगल, तुझे केस, सगळं नुसतं तरंगत राहतं."

"म्हणजे शूटिंगच्या वेळी मी माकडासारखी चिरकणार! अख्खं गाव हसेल."

"हसू दे. व्हिडिओत तेही सावकाशच हसतील."

"मॅडम विचारणार, एवढं संथ कशाला? कारण काय सांगायचं?"

"गाणं स्वप्नाळू आहे म्हणून."

"ते सगळा वर्ग सांगतो."

"मग समुद्र आहे म्हणून."

"एडी, शनिवारी आम्ही कायमचे नॉर्वेला चाललोय, आणि तुला समुद्र सुचतोय?"

"मला काहीच सुचत नाहीये. तू गप्प बस जरा."

बस वळणावळणानं उतरत राहिली. खाली धुक्यात समुद्र दिसू लागला.

"बरं, शेवटी मी काय करू?"

"टोकाच्या दिव्यापाशी वळायचं आणि मला हात हलवायचा."

"तोही भरभर?"

"नाही. तो तू नेहमी हलवतेस तसाच हलव. पडद्यावर मग तो लवकर संपणार नाही."

हिल्डाबाईंचा थांबा आला. खाली उतरून त्यांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि, ओळख ना पाळख, त्या पोरींना हात हलवला. अगदी सावकाश.