डाव्या हाताचा नेम

थोरला — ‘वस्तरा आवळायचा नाही रे, नुसता सांभाळायचा. आवळला की तो चावतो.’ आठवतं ना, अण्णा काय सांगायचे ते?

धाकटा — अण्णांना मध्ये आणू नकोस. अण्णा गेले, दुकान आता मी चालवतोय. पाच वाजता माणूस येतोय तुझी खुर्ची उखडून न्यायला. तीन महिन्यांची मुदत दिली होती, ती आज संपली.

थोरला — मुदत संपली, पण मी शिकलो. उजव्या हातात होतं ते सगळं डाव्यात उतरलंय.

पोस्टमन — मालक, माझ्या गालावरचा फेस वाळतोय हो.

धाकटा — पोस्टमन, दोन मिनिटं बसा गुमान. काय उतरलंय रे? फुग्याला साबण फासून त्याची दाढी करणं? वहिनी सांगत होती, रोज पहाटे घरात फाटफाट आवाज येतात. शेजारीपाजारी विचारतात, कुणाचा वाढदिवस आहे का म्हणून!

थोरला — पहिल्या महिन्यात एकोणचाळीस फुटले. या आठवड्यात एकही नाही. नेमच धरलाय मी. आंघोळ झाली की आधी फुगा, मग चहा.

धाकटा — वा रे नेम! आणि हनुवटीखाली ही पट्टी कसली?

थोरला — परवा फुगे संपले होते. स्वतःचीच केली.

पोस्टमन — अरे देवा.

धाकटा — ऐकलंत? आणि हा म्हणे लोकांच्या नरड्याला वस्तरा लावणार! तीन महिने त्या मागच्या बाकावर पेपर घेऊन बसून राहिलास. नवी गिऱ्हाइकं मला विचारायची, हा रिकामटेकडा कोण? काय सांगू? माझा भाऊ?

थोरला — पेपर वाचत नव्हतो मी. समोरच्या आरशात तुला बघत होतो.

धाकटा — मला?

थोरला — आरशात तू डावरा दिसतोस. पाय कुठे टाकतोस, कोपर किती उचलतोस, कातडी कुठल्या बोटानं ताणतोस, सगळं तिथूनच उचललं. घरी जाऊन तसंच्या तसं करायचं. डाव्या हातानं काम करणारा दुसरा न्हावी आणू कुठून?

धाकटा — म्हणजे माझ्याच दुकानात बसून चोरून माझाच हात बघत होतास!

थोरला — बघितला. एक खोटही दिसली. जबड्याखाली आलास की घाई करतोस.

धाकटा — आता मला अक्कल शिकव! हात माझे धड आहेत, तुझा लुळा पडलाय. दोन बोटं वळत नाहीत अन् आव बघा!

थोरला — का वळत नाहीत, ते तुलाही माहीत आहे.

धाकटा — बोललास! शेवटी बोललास एकदाचा! हो, शटर मीच ओढलं. भांडलो, डोकं फिरलं, खाली बघितलंच नाही. तुझा हात तिथं होता, मला काय स्वप्न पडलं होतं?

थोरला — मी एका शब्दानं तुला कधी बोललो?

धाकटा — तेच तर! दोन शिव्या हासडायच्या होत्यास, एक ठेवून द्यायची होतीस. त्याऐवजी रोज येऊन पाठीमागे बसायचास. मुका. मला वाटायचं, हा माझी पाठ मोजतोय.

थोरला — सोड. बस तुझ्याच खुर्चीत. एक गाल करून दाखवतो. टोचलं तरी खुर्ची ने, मी तोंड उघडणार नाही.

धाकटा — मी बसू? तुझ्या वस्तऱ्याखाली? ज्याच्यापायी तुझा हात गेला, त्याचा गळा तुझ्या हातात देऊ?

थोरला — तुला असं वाटतं माझ्याबद्दल?

धाकटा — मला काय वाटतं ते विचारू नकोस.

(थोरला हातातला वस्तरा मिटतो.)

थोरला — पोस्टमन, तुम्ही पंधरा वर्षं माझ्याच खुर्चीत बसत आलात. तुम्ही देता का गाल?

पोस्टमन — तुमच्यावर भरवसा आहे हो. माणूस म्हणून शंभर टक्के. पण... घरी लहान मुली आहेत. आणि गळा एकच आहे माझ्याकडे.

थोरला — बरोबर आहे तुमचं. मी असतो तरी हेच म्हणालो असतो.

धाकटा — झालं समाधान? आता निघ. अरे, ती तुरटी कशाला घेतोस? वाटी, ब्रश... कुठे चाललास?

थोरला — घड्याळवाल्या काकांकडे.

धाकटा — त्या म्हाताऱ्याकडे? मी दोनदा गेलो होतो दाढी करायला. अंथरुणातून उठता येत नाही, पण तोंड कसं फिरवलं भिंतीकडे! म्हणे, थोरला येईल तेव्हा करीन.

थोरला — त्यांना शब्द दिलाय. हात कुठला का असेना, महिनाअखेरीला येईन म्हणून. आज शेवटचा दिवस.

धाकटा — आणि लागलं त्यांना तर? बोंब कुणाच्या नावानं होईल? या दुकानाच्या! खुर्चीवर तुझा हक्क राहिला नाही, कळलं ना?

थोरला — कळलं. पाच वाजता मी नसेन. खुर्चीचा डावा पाय जरा सैल आहे, नेणाऱ्याला सांग.

धाकटा — थांब! डाव्या हातानं करायची तर पलीकडून उभं राहावं लागतं. आणि त्यांची खाट त्या बाजूनं भिंतीला चिकटून आहे. मी बघितलीय. मुंगी शिरणार नाही तिथं. उभा राहणार कुठे तू?

थोरला — सकाळी निरोप आला होता. काकूंनी खाट ओढून ठेवलीय. माझ्यापुरती.