दोन्ही रकाने शुद्ध

मला छापखान्यात सगळे खोडरबर म्हणतात. वय ५८. धंदा मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका काढणे. राहणार छापखान्यामागच्या गल्लीत, थोरल्या बहिणीसोबत. मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

माझी बहीण, जिला मी ताई म्हणतो, शाळेत भाषा शिकवत होती. मुलांच्या वह्यांतल्या नेहमीच्या चुका जमवून तिने पुस्तक केले. डाव्या रकान्यात मुलाने लिहिलेले चुकीचे वाक्य, उजव्यात बरोबर. 'माझी मदत कर', समोर 'मला मदत कर'. 'आईने आली', समोर 'आई आली'. ताईचे म्हणणे असे की कचेरीच्या खिडकीतला साहेब आधी अर्जाची भाषा बघतो आणि मग गरज. तेव्हा आपण कुठे घसरतो ते पोराला दिसले पाहिजे. आता तिला स्वतःला फारसे दिसत नाही. पुस्तक एकदा हाती यावे एवढाच तिचा धोशा होता.

शेवटचे प्रूफ मी तपासून, सही करून दिले. डावीकडच्या चुका जपून राखल्या होत्या. चुका राखायचे काम मला जन्मात एकदाच मिळाले. त्यानंतर कॉम्प्युटरवरच्या ऑपरेटरबाईंनी सगळे पुस्तक मालकांच्या नव्या शुद्धलेखनाच्या प्रोग्रॅममधून फिरवले. मला कोणी विचारले नाही.

काल सकाळी मशीनवरून उतरलेला पहिला कागद मी उचलला. डावीकडे 'आई आली', उजवीकडे 'आई आली'. पानभर तेच. मी मशीन थांबवा म्हणून ओरडलो. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "भाऊ, एक चूक शिल्लक ठेवली नाही, बघा!" त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला कपाळ बडवून घ्यावेसे वाटले.

मालक म्हणाले, "दोन्हीकडे शुद्धच आहे ना? मग बिघडलं कुठं? अशुद्ध छापलं की लोक बोंबलतात, तू शुद्ध छापलं म्हणून बोंबलतोस!"

मी म्हटले, "अहो, चुकीचं समोर दिसलंच नाही, तर पोरं काय सुधारणार?"

"शाळेत कोण वाचतंय? शाळा उघडायच्या आत गठ्ठे पोचले पाहिजेत. छापा."

पालथ्या घड्यावर पाणी. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना मी प्लेटा, म्हणजे ज्यांवरून छापतात ते पत्रे, काढून घरी नेल्या. त्या बाहेरून करून आणाव्या लागतात, तोवर छपाई अडते, हे मला माहीत होते. याला चोरी म्हणायचे असेल तर म्हणावे.

तो पहिला कागदही मी घरी नेला होता. ताईने तो वाचून दाखव म्हटले. मूळ चुका मला पाठ होत्या. तशा म्हणून दाखवल्या असत्या तर ती खूश झाली असती. मी छापलेले वाचले. चूक: आई आली. बरोबर: आई आली. ती थांब म्हणाली. 'आईने आली' लिहिणाऱ्या मुलीची आई फार दिवसांनी दवाखान्यातून घरी आली होती, असे तिने सांगितले. मदतीचे वाक्य कोणत्या मुलाचे, तेही सांगितले. मग म्हणाली, "म्हणजे माझी मुलं कधी चुकलीच नाहीत म्हण की. मग मी वर्गात काय करत होते रे?"

प्लेटा परत केल्यास मालक तक्रार मागे घेतील, नोकरीही राहील, असे मला इथे समजावण्यात आले. सही केलेले प्रूफ माझ्याजवळ आहे. त्यावरून डावा रकाना पुन्हा जुळवता येतो. मालक वेळ नाही म्हणतात. प्लेटा दिल्या की उद्या तेच छापतील, म्हणून मी त्या देत नाही. गुन्हा नोंदवायचा तर नोंदवावा.

वरचा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला व मीही नजरेखालून घातला. लिहिताना त्यांच्या हातून काही चुका राहिल्या आहेत. दुरुस्त करता का, असे विचारून त्यांनी पेन पुढे केले. मी नको म्हणालो. जबाब मी सांगितला तसाच आहे.