औंसाचे आठ ड्राम

औंस आणि ड्राम ही मापं ज्यानं शोधली, त्यानं कंपाउंडरची परीक्षा कधी दिलीच नसणार. मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात तिचाच सराव करत होतो. घाईत औंसाचे आठऐवजी चार ड्राम धरले आणि एका आजीच्या बाटलीवर डोस दाखवणारी कागदी पट्टी चिकटवली, बाराऐवजी सहा खाचांची. म्हणजे प्रत्येक डोस दुप्पट.

आमचे जुने कंपाउंडर नामदेवराव यांनी आजीला दारातून परत बोलावलं. "माह्या हातून चुकलं," ते तिला म्हणाले. मग मला हळूच, "परीक्षेत चुकला तं मार्क जाईन. इथं म्हातारी जाईन. काप नवी पट्टी."

पुढे परवाना मिळाला. नाव माझं असलं तरी मी तो त्यांचाच मानतो.

त्या दिवशी आजीनं नव्या पट्टीच्या खाचा मोजल्या. "औषध तेवढंच अन् दिवस दुप्पट. असाच चुकत जाजो, नामदेवा."