द्रुपदामायच्या चंचीतल्या गोळ्या

मंडळी, ऐका! टाळ क्षणभर खाली ठेवा. देवाचं नाव घेऊन झालं, आता एक प्रश्न विचारतो. माना डोलवायची घाई करू नका — आधी प्रश्न तरी ऐका! चांगल्या मनानं दिलेली वस्तू कुणाच्या जिवावर उठू शकते का? देणारा भला, घेणारी भली, वस्तूही अस्सल... आणि तरी घात व्हावा, असं होतं का?

पुढे बसलेले आजोबा 'नाही' म्हणताहेत. आजोबा, चार वर्षांपूर्वी मीही 'नाही'च म्हणालो असतो! आज म्हणवत नाही. का, ते सांगतो.

तापीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही — नाहीतर इथल्या निम्म्या लोकांचे तिथे सोयरे निघायचे! गावात सप्ताह होता. सकाळी दहा ते बारा कीर्तन, मग पंगत. सातही दिवस सेवा माझ्याकडे. आणि पंगतीच्या भाकरी कुणाकडे? द्रुपदामायकडे.

साठी ओलांडलेली बाई. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी अशी करायची की नुसती मिठाबरोबर खावी! पहाटे पाचला चुलीपुढे बसायची, ती दुपारी चारला उठायची. अकरा तास! मंडळी, तुम्ही इथे दोन तास बसलात तर चार वेळा मांडी बदलता — मी बघतो हो वरून! आणि तिचा नेम काय? शेवटची पंगत उठेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. नुसता काळा चहा.

पहिल्याच दिवशी उठताना गुडघा धरला. शेजारी कोकिळा पीठ मळत होती. ती म्हणाली, "माय, ही गोळी घे. माझ्या खांद्याला लगेच गुण आला." कात्रीनं पाकिटाचा तुकडा कापला, सहा-आठ गोळ्या दिल्या. द्रुपदामायनं घेतली, चहाबरोबर. आणि गुण आला! खोटं कशाला बोलू? दुखणं पळालं.

दुसऱ्या दिवशी आले लोटननाना, सप्ताहाचे अध्यक्ष. भला माणूस. "माय, गुडघा धरला म्हणे? ही लाल गोळी घे, जोरदार आहे!" तिसऱ्या दिवशी कुणीतरी पिवळी दिली. मग द्रुपदामायनं काय केलं असेल? एक घेतली आणि बाकीच्यांना नको म्हटलं? अहो, प्रेमानं दिलेलं नको कसं म्हणणार! सकाळी कोकिळाची, दुपारी नानांची, संध्याकाळी पिवळी, आणि गुडघा बोलला की मधे आणखी एखादी. कुणाचं मन दुखवायचं नाही. सगळ्या गोळ्या कमरेच्या चंचीत, सुपारी-कातासोबत.

चौथ्या दिवशी... आता खाली बघतो मी, कारण चौथ्या दिवशी देणारा मी होतो. माझी कंबर धरते, तिच्यासाठी डॉक्टरांनी मला गोळ्या लिहून दिलेल्या. माझ्या कमरेसाठी, बरं का! द्रुपदामायच्या गुडघ्यासाठी नव्हे. पण मी मोठेपणानं दोन कापून दिल्या. "माय, ही जरा भारी आहे." तिनं माझ्या पाया पडून घेतली. प्रसाद घ्यावा तशी! आणि पाचव्या दिवशी याच थाटात उभा राहून मी सांगितलं, "मंडळी, बघा त्या माउलीची निष्ठा! पोटात अन्न नाही, पण हात थांबत नाही!" टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.

सहाव्या दिवशी ती तव्यापुढून उठली आणि कोसळली.

चेहरा पांढराफटक, अंग गार. कोकिळा रडत म्हणाली, "महाराज, दोन दिवस परसाकडला काळं होतंय, डांबरासारखं. मला म्हणाली, कुणाला सांगू नको, पंगत मोडेल." लोटननानांच्या जीपमध्ये घातलं आणि तालुक्याचा दवाखाना गाठला. वाटेत तिला उलटी झाली. त्यात रक्त.

तिथे डॉक्टर होत्या तडवीबाई. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण नजर अशी की मी महाराज आहे हेच विसरलो! "काय काय घेतलं हिनं?" कोकिळानं चंची उपडी केली. टेबलावर चार तुकडे. कुठली गोळी? कुणाला ठाऊक! नाव पाकिटाच्या दुसऱ्या अर्ध्यावर, आणि तो अर्धा देणाऱ्याच्या घरी! मी माझं पाकीट पिशवीतून काढलं, नानांनी त्यांचं खिशातून, कोकिळानं ओटीतून. पिवळी डॉक्टरबाईंनी छापावरून ओळखली. त्यांनी बारीक अक्षरं वाचली आणि डोक्याला हात लावला.

"महाराज, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण तीन गोळ्यांत औषध एकच — आयबुप्रोफेन. आणि तुमची चौथी, डायक्लोफिनॅक, तिचीच सख्खी बहीण. सगळ्या मिळून हिनं दिवसाला किती घेतल्या, मोजा!"

मी म्हणालो, "पण बाई, दुखणं थांबत होतं..."

"थांबणारच. पण ही गोळी दुखणं थांबवते, तशी पोटाच्या आतल्या अस्तराची राखणही कमी करते. त्यात उपाशी पोट! तिथे जखम झाली, रक्त वाहतंय. हिला ब्लडप्रेशर आहे, दिवसभर आगीपुढे, पाणी कमी — मूत्रपिंडांवरही ताण आलाय. ही दिवसभर काही खात नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं का?"

मंडळी, मला माहीत होतं! मी तर त्यावर टाळ्या घेतल्या होत्या!

रक्त चढवलं. मी दिलं, नानांनी दिलं. जिल्ह्याला नेऊन दुर्बिणीतून जखम बंद केली. तीन दिवस कुणी काही खात्रीनं सांगेना. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात, ते मी त्या बाकड्यावर बसून पाहिलं. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडून पेज मागितली, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

नंतर तिची माफी मागितली. "माय, माझ्या गोळीनं तुझा घात होणार होता." ती काय म्हणाली, ऐका.

"महाराज, कोकिळानं गोळी दिली, लोटननं दिली, तुम्ही दिली. सगळ्यांनी दिली. पण 'ऊठ माय, दोन भाकरी मी थापतो', असं एकजण नाही बोललं."

थांबा. टाळ वाजवू नका इथे.

कळलं का? गोळी आम्ही तिच्या गुडघ्यासाठी दिलीच नव्हती! गुडघा सांगत होता, 'बाई, ऊठ, विसावा घे.' आम्हाला त्याचं तोंड बंद करायचं होतं, भाकरी थांबू नयेत म्हणून. मी याला दया म्हणत होतो. ती आमच्या पंगतीची सोय होती.

गोळी वाईट नाही, आधीच सांगतो! उद्या कुणी म्हणेल, महाराजांनी औषध बंद करायला सांगितलं. मी अजून घेतो, पण तडवीबाईंनी शिकवलं तशी. पोटात अन्न गेल्यावर. कमीत कमी, आणि थोडेच दिवस. आयबुप्रोफेन चारशेची असेल, तर मोठ्या माणसानं आपल्या मनानं दिवसाला तीनच्या वर नाही, दोन गोळ्यांत सहा-आठ तास हवेत. हिच्या जोडीला हिची बहीण नाही. तीन दिवसांत उतार नाही, तर डॉक्टर गाठायचा. ज्याच्या पोटात जखम झालेली, ज्याला मूत्रपिंड, हृदय, ब्लडप्रेशर यांचं दुखणं आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ज्या लेकीला दिवस गेलेत — त्यांनी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काळी परसाकड, रक्ताची उलटी? घटकाभरही लपवायचं नाही! आणि पाकीट कापून कुणाला द्यायचं नाही. फार माया आली, तर त्याला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात न्या.

आता शेवटचं. या मांडवामागे धूर दिसतोय ना? तिथे पहाटेपासून सात बाया बसल्यात. येताना मी त्यांना विचारलं, "जेवलात का?" सगळ्या हसल्या. म्हणाल्या, "आधी पंगती होऊ द्या, महाराज." एकीचा हात गुडघ्यावर होता. तिचं नाव सांगा बरं? अहो, रोज तिच्या हातचं खाताय! सांगा की कुणीतरी!

...बघा. पाचशे माणसं, आणि एकाला येत नाही.

मग अभंग मी आवरता घेतो, देव रागावणार नाही. आज पहिली पंगत त्या सात जणींची. दहा गडी उठा, हात धुवा आणि तव्यापुढे बसा. भाकरी वाकड्या होतील, करपतील — होऊ द्या, तशाच खाऊ! बुवा, ही वीणा धरा. वाढायला मी निघालो.