कमरेचं पिस्तूल

जड पिस्तूल माझ्या कमरेला टिकणार नाही, हे मी दुकानातच सांगितलं होतं, पण माझं खरं कुणाला वाटतंय! इथे अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, चोर येऊन गेला, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लायसन्स काढलं. मी छोटं पिस्तूल उचललं, तर आमचे हे म्हणाले, "अगं, ते खेळणं आहे. मोठं घे, चोर बघूनच पळेल."

"अहो, लपवून न्यायचंय, मिरवायचं नाहीये!"

घेतलं मोठंच.

संक्रांतीला साडी नेसूनच कामावर गेले होते, तिथून पिस्तुलासकट तशीच मावशींकडे हळदीकुंकवाला गेले. मावशींच्या पाया पडायला वाकले आणि पदराखालून पिस्तूल निसटून थेट तिळगुळाच्या ताटात! नशीब, गोळ्या काढून ठेवल्या होत्या.

मावशी किंचाळल्या, "कुणी घेऊन दिलं गं हे?"

उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. तेव्हा मात्र सगळ्यांसमोर ठणकावून घेतलं, "सुधाकर!"